ड्रोनचा मेंदू, ड्रोनचं मनगट

'थ्री इडियट्स' न पाहिलेला इंजिनिअर अजून मला तरी भेटलेला नाही. २५ डिसेंबर २००९ ला सिनेमा आला तेव्हा मी शाळेत होतो, आणि तेव्हापासून टीव्हीवर लागला की घरात कोणीही रिमोटला हात लावत नाही. त्यात जॉय लोबो नावाचा एक पोरगा आहे. कॅमेरा लावलेलं, चार पंख्यांचं एक उडतं यंत्र तो बनवत असतो. प्रिन्सिपल मुदत वाढवून देत नाहीत. मग रँचो ते यंत्र पुरं करतो, ते हॉस्टेलच्या भिंतीलगत वर वर जातं आणि जॉयच्या खिडकीपाशी थांबतं. पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

बहुतेकांना माहीत नसतं ते वेगळंच. ते यंत्र खरंखुरं होतं, आणि ते पवईत बनलं होतं. आयआयटी मुंबईतून बाहेर पडलेल्या पोरांनी २००७ मध्ये 'आयडियाफोर्ज' नावाची कंपनी काढली होती, त्यांचं ते क्वाडकॉप्टर. 'ड्रोन' हा शब्द तेव्हा लग्नाच्या फोटोग्राफरांपर्यंत पोचायचा होता. आज त्याच कंपनीची ड्रोन आपल्या लष्कराकडे आहेत.

तर मंडळी, या वीकेंडचा विषय आहे लष्कराची छोटी ड्रोन. रडारवर दिसणारी, क्षेपणास्त्रं वाहणारी अजस्र विमानं नव्हेत. पाठीवरच्या सॅकमधून एक-दोन जवान नेऊ शकतील आणि समोरच्या टेकडीपलीकडे काय चाललंय ते बघतील, अशी. त्यातही कॅमेरा आणि पंखे मी बाजूला ठेवणार आहे, कारण त्यांच्याबद्दल सगळेच लिहितात. मला लिहायचंय आतल्या दोन सर्किट बोर्डांबद्दल. एक मेंदू आणि एक मनगट. या यंत्रांचा खरा इतिहास या दोन बोर्डांचा आहे आणि आजचा खरा वादही त्यांचाच आहे.

आधी मेंदू. त्याला फ्लाइट कंट्रोलर म्हणतात. लहानपणी तळहातावर काठी उभी धरायचा खेळ सगळ्यांनी खेळलाय. काठी ज्या बाजूला झुकेल त्या बाजूला हात न्यायचा. उशीर झाला की पडली, घाई केली की उलट्या बाजूला पडली. चार पंख्यांचं ड्रोन म्हणजे तसलीच काठी. विमानाला पंख असतात, शेपूट असते, इंजिन बंद पडलं तरी ते थोडा वेळ तरंगतं. क्वाडकॉप्टरला असलं काही नाही. चारही पंख्यांचा वेग सेकंदाला शेकडो वेळा दुरुस्त करत राहिलं तरच ते सरळ राहतं. माणसाच्या हाताला हे जमण्यासारखं नाही. म्हणून आत एक छोटा प्रोसेसर बसवतात. तो जायरोला विचारतो 'किती वेगाने वळतोय?', अ‍ॅक्सेलरोमीटरला विचारतो 'खाली कुठल्या दिशेला?', आणि त्यावरून ठरवतो की पुढच्या क्षणी कुठल्या मोटरला किती जोर द्यायचा.

यात गंमत अशी की दोन्ही साक्षीदार थोडे थोडे खोटं बोलतात. जायरो क्षणाक्षणाला अचूक, पण त्याची चूक साठत जाते, त्यामुळे दहा मिनिटांनी तो सरळ असलेल्या यंत्राला तिरकं म्हणायला लागतो. अ‍ॅक्सेलरोमीटर दूरच्या पल्ल्यात खरा, पण पंख्यांच्या थरथरीने दर क्षणी बावचळलेला. दोघांचं ऐकून सत्य काय असावं याचा अंदाज बांधण्याची एक गणिती पद्धत आहे. तिला रुडॉल्फ कालमन यांच्या नावाने कालमन फिल्टर म्हणतात. त्यांनी ती १९६० मध्ये मांडली आणि चंद्रावर जाणाऱ्या अपोलो यानांच्या दिशादर्शनातही ती वापरली गेली.

आता मनगट. मेंदूने 'या मोटरला जोर दे' म्हटलं, पण तो जोर द्यायचा कोणी? हे काम ईएससी नावाच्या बोर्डाचं, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणाऱ्या इलेक्ट्रॉनिक कंट्रोलरचं. आमच्या गारगोटीकडच्या कुठल्याही ऊसवाल्याला हे दोन मिनिटांत समजेल, पुण्यातल्या आयटीवाल्याला कदाचित वेळ लागेल :) विहिरीवरची मोटर थ्री-फेजवर चालते. तीन तारांमधली वीज आळीपाळीने चढते-उतरते, त्यातून फिरतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि मोटर फिरते. एक फेज गेली की मोटर नुसती घुमते, तापते आणि जळते, मग ती उचलून रिवाइंडिंगला न्यायची. ड्रोनची ब्रशलेस मोटरसुद्धा तीन तारांचीच. फक्त इथे महावितरण नाही. बॅटरी एकाच दिशेची वीज देते. त्यातून हव्या त्या वेगाचा थ्री-फेज बनवायचा, तोही मुठीत मावेल एवढ्या जागेत, हे ईएससीचं काम.

त्यासाठी प्रत्येक मोटरमागे सहा मॉस्फेट असतात, म्हणजे सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होणारे सहा स्विच. वरचा आणि खालचा स्विच चुकून एकाच वेळी चालू झाला तर बॅटरी थेट शॉर्ट, आणि मॉस्फेटचा धूर. शिवाय रोटर नक्की कुठे आहे हे कळायला वेगळा सेन्सर बहुधा नसतोच. तीनपैकी जी तार त्या क्षणी मोकळी असते, तिच्यावर उमटणाऱ्या किंचित व्होल्टेजवरून ते ओळखायचं. हे चुकलं तर पंखा अडखळतो. शेतातली मोटर अडखळली तर पाणी थांबतं. क्वाडकॉप्टरची एक मोटर अडखळली तर ते कोलांटी खाऊन खाली येतं.

हे दोन बोर्ड एकमेकांचे शेजारी, आणि शेजाऱ्यांसारखी त्यांची भांडणंही असतात. मोटरच्या तारांतून मोठा करंट गेला की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि मेंदूचं होकायंत्र उत्तरेला पश्चिम म्हणायला लागतं. म्हणून बऱ्याच ड्रोनमध्ये होकायंत्र एका दांड्यावर उंच बसवलेलं दिसतं. चारही मोटरनी एकदम जोर मागितला की बॅटरीचं व्होल्टेज खाली बसतं, जसं संध्याकाळी लाइट आल्यावर गावातले सगळे पंप एकदम सुरू झाले की घरातला बल्ब मिणमिणतो तसं. ते ठराविक पातळीच्या खाली गेलं तर मेंदूच रीसेट होतो. आपला लॅपटॉप रीस्टार्ट झाला तर आपण चहा घेऊन येतो. हवेतल्या यंत्राला ती सोय नाही. म्हणून मेंदू आणि मनगट वेगवेगळ्या दुकानांतून आणून जोडता येतात खरे, पण ते का पडलं हे छातीठोकपणे सांगायचं तर दोन्ही आतून माहीत असावे लागतात. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आता थोडं मागे जाऊ. आपोआप तोल सांभाळणारं यंत्र काही कालचं नाही. जून १९१४ मध्ये पॅरिसजवळ लॉरेन्स स्पेरी या अमेरिकन तरुणाने विमान उडवताना दोन्ही हात वर करून दाखवले होते, आणि मदतनीस पंखावर चालत गेला तरी विमान सरळ राहिलं होतं. आत गरगर फिरणारे जायरोस्कोप होते. १९२२ मध्ये निकोलस मिनोर्स्की यांनी जहाजाचं सुकाणू आपोआप कसं धरावं याचं गणित मांडलं. आजच्या ड्रोनमधला पीआयडी कंट्रोल त्याच घराण्यातला. १९३५ मध्ये ब्रिटिशांनी तोफांच्या सरावासाठी 'क्वीन बी' नावाचं रेडिओवर चालणारं विमान काढलं. १९४४ मध्ये जर्मनीची व्ही-१ लंडनवर पडू लागली, तीही जायरोच्याच भरवशावर.

म्हणजे कल्पना जुनीच. अडत होतं ते वजनाशी. खरे फिरते जायरो म्हणजे पितळेचे भोवरे, जड आणि महाग. ते बसवायचे तर विमान मोठं हवं. विमान मोठं म्हणजे इंजिन मोठं, मग धावपट्टी हवी किंवा फेकायला यंत्र हवं.

आपल्याकडचं 'निशांत' हे त्याचं नमुनेदार उदाहरण. बंगळुरूच्या एडीई या डीआरडीओच्या प्रयोगशाळेने ते केलं. वजन ३८० किलोच्या आसपास. धावपट्टी नको म्हणून ते ट्रकवरच्या लाँचरने हवेत फेकायचं आणि काम झालं की पॅराशूटने उतरवायचं. तो लाँचर केला होता पुण्याने, दिघीच्या आर अँड डीई या लष्करी अभियांत्रिकीच्या प्रयोगशाळेने. भोसरी-आळंदी भागात राहणाऱ्यांनी ती भिंत रोज बघितली असेल. इतकी मोठी यंत्रणा टाट्रा ट्रकवर लादून न्यायची, म्हणजे एखाद्या चौकीवरच्या सुभेदाराला 'जरा पलीकडचा नाला बघून घेतो' असं म्हणून ती उडवता येणं शक्य नव्हतं.

आणि नेमकी तीच गरज १९९९ मध्ये कारगिलला होती. शिखरांवर कोण बसलंय, किती जण बसलेत, हे कळायला मार्ग नव्हता. २१ मे १९९९ ला फोटो काढायला गेलेल्या हवाई दलाच्या कॅनबेरा विमानाला क्षेपणास्त्र लागलं. वैमानिकांनी ते कसंबसं परत आणलं. नंतरच्या कारगिल आढावा समितीने टेहळणीसाठी मानवरहित विमानांची गरज स्पष्ट नोंदवली. निशांतची चार विमानं लष्कराला मिळेपर्यंत २०११ साल उजाडलं. आणि नोव्हेंबर २०१५ पर्यंत चारही कोसळली होती. शेवटची दोन तर पंधरा दिवसांच्या अंतराने, जैसलमेर भागात. पुढची खरेदी रद्द झाली.

दरम्यान उत्तर भलत्याच दिशेने येत होतं. लष्करी प्रयोगशाळेतून नाही, तर मोटारी, खेळणी आणि फोन यांच्या बाजारातून. अपघातात एअरबॅग कधी फुगवायची हे ठरवायला मोटारींना स्वस्त अ‍ॅक्सेलरोमीटर हवा होता, तो १९९१ मध्ये सिलिकॉनच्या चिपवर आला. त्याच तंत्राने जायरोसुद्धा चिपवर आला. त्यात भोवरा नाही, नुसता थरथरणारा सूक्ष्म तुकडा. मे २००० मध्ये अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम मिसळलेली चूक काढून टाकली. लॅपटॉप-मोबाईलमुळे लिथियम बॅटरी स्वस्त झाली. २००९ मध्ये व्हिडिओ गेमच्या रिमोटला जायरोचं जोडयंत्र आलं, ते उघडून एका फ्रेंच हौशी माणसाने त्यावर ड्रोन उडवलं आणि कोड सगळ्यांना देऊन टाकला. त्याचं नाव मल्टीवी. नावातला 'वी' त्या गेमचाच! २०१० मध्ये आयफोनमध्ये जायरो आला आणि त्यानंतर किंमत जी घसरली ती घसरलीच. ज्या वस्तूला स्पेरीच्या काळी पेटी लागायची ती आता तांदळाच्या दाण्याएवढ्या-दोनदाण्यांएवढ्या जागेत बसते.

पवईतली पोरं या लाटेच्या थोडी आधी पाण्यात उतरली होती. अंकित मेहता, राहुल सिंग, आशीष भट आणि त्यांचे सहकारी. त्यांच्या सुरुवातीच्या उत्पादनांपैकी एक काय होतं माहितीये? हाताने दांडा फिरवून मोबाईल चार्ज करायचं यंत्र. ऐकायला ड्रोनशी काही संबंध वाटत नाही, पण वेडीवाकडी येणारी वीज ताब्यात घेऊन बॅटरीला मानवेल अशी करायची, हे मनगटाचंच शिक्षण. आणि आज ऑनलाइन मागवला की दोन दिवसांत घरी येणारा फ्लाइट कंट्रोलर तेव्हा बाजारात नव्हता. त्यामुळे मेंदू स्वतःच करणं भाग होतं. अडचण होती म्हणून ऑटोपायलट स्वतःचा झाला, आणि पुढे तीच कंपनीची खरी कमाई ठरली.

मग दिघी पुन्हा गोष्टीत येते. ज्या आर अँड डीईने ३८० किलोचं निशांत फेकायला ट्रक तयार केला होता, त्याच प्रयोगशाळेबरोबर आयडियाफोर्जने 'नेत्र' केलं. २०१० च्या आसपास ते लोकांसमोर आलं. वजन दीड किलोच्या घरात, उड्डाण अर्ध्या तासाचं, पल्ला दीड-दोन किलोमीटरचा. ट्रकवरून सॅकमध्ये! २०१३ च्या उत्तराखंडच्या प्रलयात अडकलेली माणसं शोधायला नेत्र वापरलं गेलं, आणि तेव्हा हे नाव पहिल्यांदा बऱ्याच लोकांच्या कानावर आलं.

अर्धाच तास का? इथे मी एक वीकेंड गणित केलं. दीड किलो वजन, २५ सेंटीमीटरचे चार पंखे असं धरलं, तर हवेत नुसतं उभं राहायला आदर्श स्थितीत ८० वॅट लागतात. मोटर, ईएससी आणि पंख्यातली गळती धरून दीडशेच्या आसपास धरू. अर्धा किलोची लिथियम बॅटरी साधारण ८० वॅट-तास देते. भागाकार करा, बत्तीस मिनिटं. मग बॅटरी दुप्पट करू? तर वजन दोन किलो होतं, लागणारी शक्ती वजनाच्या दीडाव्या घाताने वाढते, आणि वेळ दुप्पट न होता जेमतेम ३० टक्क्यांनी वाढतो. बॅटरीच स्वतःला उचलण्यात खर्च होते. पगार वाढला की ईएमआय वाढतो, त्यातलाच प्रकार.

डोंगरात हे आणखी बिघडतं. ५००० मीटरवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या ६० टक्के असते, म्हणजे तेवढंच वजन उचलायला सुमारे ३० टक्के जास्त शक्ती. थंडीत बॅटरी आपली क्षमता पुरती देत नाही आणि व्होल्टेज लवकर बसतं. लडाखमध्ये उडणाऱ्या ड्रोनच्या मेंदूला सतत एक हिशोब करावा लागतो: आत्ता परत फिरलो तर पोचेन का? उताराला वारा आहे की चढाला? 'बॅटरी २० टक्के' एवढं सांगून भागत नाही.

यावर तोडगा म्हणजे पंख. सरळ वर उठायचं हेलिकॉप्टरसारखं, आणि वर गेल्यावर विमानासारखं तरंगत जायचं. पंखांवर तरंगायला उभं राहण्याच्या मानाने कितीतरी कमी शक्ती लागते. आयडियाफोर्जचं 'स्विच' तसलं आहे. वजन साडेसहा किलो, दोन तास हवेत, १५ किलोमीटर पल्ला. गारगोटीच्या भाषेत सांगायचं तर, एसटी स्टँडवरून उडवलेलं नेत्र गावाच्या शिवेपाशी परत फिरेल, पण स्विच भुदरगडावर जाऊन, किल्ल्याला चार चकरा मारून निवांत परत येईल. किंमत मोजावी लागते ती कोडमध्ये. उभ्या उड्डाणातून आडव्या उड्डाणात जाताना काही सेकंद असे असतात की यंत्र धड हेलिकॉप्टरही नसतं आणि धड विमानही नसतं. पंख्यांकडून पंखांकडे भार सोपवताना मेंदूला दोन्ही तोल एकत्र सांभाळावे लागतात. रिले शर्यतीत बॅटन पडतो तो हात बदलतानाच.

जून २०२० मध्ये गलवान घडलं. त्यानंतर उंचावर उडणाऱ्या छोट्या ड्रोनची निकड कोणाला समजावून सांगायची गरज उरली नाही. चाचण्या झाल्या आणि जानेवारी २०२१ मध्ये लष्कराने स्विचसाठी सुमारे २ कोटी डॉलरचा करार केला. जुलै २०२३ मध्ये कंपनी शेअर बाजारात आली, ६७२ रुपयांचा शेअर पहिल्या दिवशी १३०० च्या आसपास उघडला, आणि आपल्यातल्या बऱ्याच जणांनी ते नाव तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. पुढे तो इश्यू प्राइसच्याही खाली गेला. लष्करी ऑर्डर पगारासारखी एक तारखेला येत नाही. असो.

महाराष्ट्रातलं दुसरं टोक नागपूरला आहे. सोलर ग्रुपच्या इकॉनॉमिक एक्स्प्लोझिव्ह्ज कंपनीचं 'नागास्त्र-१'. जून २०२४ मध्ये ४८० पैकी पहिली १२० लष्कराला मिळाली. हे नुसतं बघत नाही, लक्ष्य दिसलं की एक किलोच्या स्फोटकासह त्यावर जाऊन आदळतं. लक्ष्य मिळालं नाही किंवा हल्ला रद्द केला, तर पॅराशूटने परत उतरवता येतं. म्हणजे शेवटच्या क्षणी 'नको' म्हणता येणं हेसुद्धा त्या मेंदूचं काम आहे. इथे बग आला तर त्याची किंमत प्रोडक्शन डाउन होण्यात मोजली जात नाही, हे लिहिताना माझीही बोटं जरा थांबली.

आणि आता तो मुद्दा, जो मघाशी लक्षात ठेवायला सांगितला होता.

ड्रोनवर तिरंग्याचा स्टिकर लावणं सोपं आहे. कार्बन फायबरची चौकट इथे कापता येते, पंखे बसवता येतात, रंग देता येतो. पण आतला मेंदू आणि मनगट शेन्झेनहून आलेलं असेल तर ते ड्रोन कोणाचं? अमेरिकेला हा प्रश्न आधी पडला. ऑगस्ट २०१७ मध्ये त्यांच्या लष्कराने डीजेआयची चिनी ड्रोन वापरायला आपल्या तुकड्यांना मनाई केली. २०२० च्या संरक्षण कायद्यात तर सुटे भाग नाव घेऊन लिहिले: फ्लाइट कंट्रोलर, रेडिओ, कॅमेरा वगैरे चीनचे नकोत. भारताने फेब्रुवारी २०२२ मध्ये तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली, त्यात संरक्षण आणि संशोधनासाठी सवलत होती. सुट्या भागांवर मात्र बंदी नव्हती. पळवाट कुठे होती ते सांगायला नको. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये बातमी आली की लष्कराने ४०० मालवाहू ड्रोनचे सुमारे २३० कोटींचे करार रद्द केले. कारण, आतले चिनी भाग.

लोक म्हणतात, चिनी चिप 'गुपचूप माहिती पाठवेल' ही भीती आहे. ती आहेच. पण कोड लिहिणारा माणूस म्हणून मला त्याहून साधी भीती मोठी वाटते: आत काय चाललंय ते आपल्याला वाचता न येणं. २३ ऑगस्ट २०२४ ला भिंबर गली भागात सरावावर असलेलं आपलं एक छोटं ड्रोन तांत्रिक बिघाडाने भरकटलं आणि नियंत्रण रेषेपलीकडे गेलं. असं काही घडलं की दुसऱ्या दिवशी कोणीतरी टेबलाशी बसून लॉग उघडतो. बोर्ड आपला असेल तर तो ओळीओळीने मागे जातो: इथे व्होल्टेज बसलं, इथे होकायंत्र भरकटलं, इथे मेंदूने चुकीचा निर्णय घेतला. दुरुस्ती होते, पुढचं ड्रोन पडत नाही. बोर्ड विकतचा आणि कोड बंदिस्त असेल तर तो फक्त विक्रेत्याला ईमेल करू शकतो. आणि तो विक्रेता सीमेच्या त्या बाजूचा असेल तर? टिकेट रेज करून वाट बघत बसा :)

बंदिस्त कोडचं दुसरं दुखणं २०२४ मध्ये जगभरच्या हौशी लोकांनी अनुभवलं. बीएलहेली-३२ नावाचं ईएससीचं सॉफ्टवेअर नॉर्वेतून यायचं, आणि असंख्य ड्रोनच्या मनगटात तेच होतं. त्या वर्षी ते बंद झालं. कारण सांगताना निर्बंधांच्या कायद्यांचा आणि लष्करी ड्रोनमधल्या वापराचा उल्लेख झाला. एका देशातला एक निर्णय, आणि अर्ध्या जगाचं मनगट अनाथ. लोक मग एएम-३२ या खुल्या कोडकडे वळले. खुल्या कोडची ताकद उलट बाजूनेही दिसली. १ जून २०२५ ला युक्रेनने ट्रकमध्ये लपवून नेलेल्या छोट्या ड्रोननी रशियाच्या आतल्या विमानतळांवर हल्ला केला. त्यात वापरलेला अर्डूपायलट हा हौशी लोकांनी वर्षानुवर्षं फुकट लिहिलेला कोड आहे, कोणालाही डाउनलोड करता येणारा. ज्यांनी तो विमानांच्या छंदापायी लिहिला, त्यांनी हे चित्र डोळ्यांसमोर आणलं नसणार.

म्हणून 'स्वदेशी' शब्दाची माझी व्याख्या साधी आहे. प्रत्येक चिप इथेच बनली पाहिजे असं मी म्हणत नाही. जायरो चिप, प्रोसेसर, लिथियमचे सेल, यातलं बरंचसं अजून बाहेरूनच येतं. मोटरमधल्या चुंबकांचंही तेच, एप्रिल २०२५ मध्ये चीनने काही दुर्मिळ मूलद्रव्यांच्या निर्यातीवर नियंत्रण आणलं तेव्हा सगळ्या जगाचीच धावपळ झाली. ते बदलायला वर्षं लागतील. पण मेंदूचा कोड आणि मनगटाचं डिझाइन आपलं असेल, तर एक चिप मिळेनाशी झाली की दुसरी बसवून पुढे जाता येतं. आणि यंत्र पडलं तर का पडलं हे आपल्याला कळतं. ज्याला कारण सांगता येतं, यंत्र त्याचं.

शेवटचा मुद्दा आमच्या गावाकडचा. आमच्या भागातून दरवर्षी पोरं भरतीला जातात, कितीतरी जण बेळगावच्या मराठा सेंटरमधून बाहेर पडून थेट उत्तरेच्या बर्फात पोचतात. ड्रोनच्या स्क्रीनकडे बघणारा तो जवान म्हणजे कोणाचा तरी चुलत भाऊ असतो. स्क्रीन काळी झाली तर पलीकडे काय आहे ते बघायला मग त्यालाच चालत जावं लागतं. त्याच गारगोटीत जे. पी. नाईकांनी मौनी विद्यापीठ उभं केलं. पुढे कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव झालेले हेच ते नाईक. तिथे ग्रामीण अभियांत्रिकीची संस्था निघाली, तीही शहरापासून इतक्या लांब. खेड्याला लागणारं यंत्रज्ञान खेड्यात शिकवायचं ही कल्पना त्या काळी धाडसाचीच होती.

आणि आमची पिढी? डिग्री घेतली आणि हिंजवडीची बस पकडली. त्यात गैर काही नाही, मीही त्याच बसमध्ये आहे. पण दुसऱ्या देशातल्या बँकेच्या वेबसाइटचं बटण निळं करायचं की हिरवं, यावर आपण जेवढे तास घालवतो, त्यातले काही तास मॉस्फेट तापून का मरतो या प्रश्नावर घालवणारे आपल्यात फार थोडे आहेत. शिकायचा खर्च आता राहिलेला नाही. चालतं क्वाडकॉप्टर जोडायचे भाग चांगल्या फोनपेक्षा कमी पैशात मिळतात, अर्डूपायलटचा कोड फुकट वाचता येतो, आणि २०२१ च्या ड्रोन नियमांनी परवान्यांचं जंजाळही बरंच कमी केलं. गावाकडे रिवाइंडिंगच्या दुकानात बसणाऱ्या पोराला थ्री-फेज मोटर हाताने कळलेली असते. त्याच्या आणि ईएससीच्या मध्ये एका चांगल्या मास्तराचंच अंतर आहे.

पवईच्या पोरांकडे २००७ मध्ये रेडीमेड बोर्ड नव्हता, म्हणून त्यांना तो करावा लागला. आपल्याला आता सगळं रेडीमेड मिळतं, आणि अडचण नेमकी तिथेच आहे. चला, वीकेंड संपत आला. उद्या सकाळी साडेनऊचा स्टँड-अप आहे.